पणजीत उतरायचं की कांदोळीत? बेळगावकरांसाठी दोन समुद्रकाठांची तुलना

दिवाळीची सुट्टी जवळ आली की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घराघरांत गोव्याचा विषय निघतो. कुठल्या घाटाने जायचं यावर एकमत होतं, पण मुक्काम कुठे करायचा यावर गाडी अडते. चांगल्यातली खोली शोधणाऱ्यांपुढे दोन ठिकाणं हमखास येतात. एक म्हणजे पणजीचा समुद्राकडचा भाग: कांपाल, मिरामार, करंजाळे, दोना पावला. दुसरं म्हणजे मांडवीपलीकडे बार्देशातला कांदोळी-शिकेरीचा किनारा. दोन्हीकडची वस्ती पैसेवाल्यांची, दोन्हीकडे वाळू, दोन्हीकडे जुनी देखणी घरं आणि बघण्यासारख्या जागा. एकमेकांपासून पंधराएक किलोमीटरवर. त्यामुळे कुठेही राहिलं तरी चालतंय की, असं वाटतं. एकाच रात्रीचा मुक्काम असेल तर मात्र खूप फरक पडतो.

माझं मत आधीच सांगते. आई-वडील, मुलं असं सगळं घर बरोबर असेल आणि हातात शनिवार-रविवारच असेल, तर राहायला पणजी घ्या आणि अर्धा दिवस कांदोळीला द्या. पाण्यात डुंबणं हाच मुख्य बेत असेल, तर कांदोळी घ्या.

रस्ता

चोर्ला घाटाने गेलात तर जांबोटी, कणकुंबी, मग घाट उतरून केरी आणि साखळी. पणजीपर्यंत साधारण ११० किलोमीटर. साखळीत दोन वाटा फुटतात. कांदोळीला जायचं असेल तर डिचोली, म्हापसा, कळंगुट करत जाता येतं, पणजी शहरात शिरावंही लागत नाही. पणजीला जायचं असेल तर माशेलवरून जुने गोवेमार्गे जावं, म्हणजे बॉम जेझूस आणि सी कॅथेड्रल वाटेतच होऊन जातात. ही चर्चेस १९८६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत आणि त्यांच्यासाठी वेगळा दिवस काढावा लागत नाही, हा पणजीच्या वाटेचा मोठा फायदा. रविवारी सकाळी तिथे प्रार्थना असते, म्हणून हे दर्शन शनिवारी जातानाच उरकलेलं बरं. पुढे रायबंदरवरून पणजीत शिरताना लागणारा तीनेक किलोमीटरचा बांधासारखा पूल १६३० च्या दशकातला आहे. डावीकडे मिठागरांची दलदल, उजवीकडे मांडवी. मुलांना खिडकीशी बसवा.

पावसाळ्यात चोर्ला बेभरवशाचा. दरड आली किंवा रस्ता उखडला की खानापूर, लोंढा, अनमोडवरून फिरून यावं लागतं. निपाणी, संकेश्वरकडच्यांना गडहिंग्लज, आजरा, आंबोली, बांदा हा रस्ता बरा पडतो आणि तिथून म्हापसा आधी लागतं, म्हणजे कांदोळी जवळ.

स्वतःची गाडी नसेल तर निवड जवळजवळ झालेलीच समजा. वायव्य कर्नाटकची आणि गोव्याच्या कदंबची बस पणजीच्या स्टँडवर सोडते. तिथून मिरामार, दोना पावल्याला शहर बस सारख्या असतात. कांदोळीला जायला दुसरी खासगी बस धरावी लागते आणि अंधार पडला की त्या विरळ होतात. गोव्यातली टॅक्सी आपल्या रिक्षाच्या हिशेबाने धरू नका. एका फेरीचे पैसे ऐकून म्हातारी माणसं पुन्हा बाहेर पडायलाच तयार होत नाहीत. रेल्वेने जाणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की आपल्याकडून जाणारी गाडी लोंढ्यावरून मडगाव-वास्कोकडे जाते, यातल्या कुठल्याच किनाऱ्याला ती सोडत नाही. दूधसागर बघत जायचं म्हणून जरूर जा, सोय म्हणून नको.

पाणी आणि वाळू

इथे कांदोळी सरळ जिंकते. शिकेरीच्या कोपऱ्यापासून कळंगुटपर्यंत सलग वाळू, लाटा येतात त्या खऱ्या समुद्राच्या, आणि जीवरक्षक उभे असतात. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या पट्ट्यातच उतरायचं, नुसता लाल झेंडा दिसला की पाय ओले करण्यापुरतंच. जून ते सप्टेंबर पाण्यात उतरायचा विचारही नको.

मिरामारला मांडवी समुद्राला मिळते. पाणी गढूळ असतं आणि आतून ओढ असते, म्हणून तो किनारा पोहण्याचा नाही. तो चालण्याचा, बसण्याचा. सरूच्या झाडांची सावली, सपाट रुंद वाळू, पलीकडे आग्वादचा डोंगर. संध्याकाळी पणजीकर तिथे फिरायला येतात, गाडीवर भेळ आणि रोस ऑम्लेट मिळतं. गुडघे धरलेल्या माणसाला खाली उतरून वाळूपर्यंत जाता येतं, याची किंमत आई-वडिलांना घेऊन गेलं की कळते. मिरामारलाच गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांची समाधी आहे. लहान मुलं कंटाळली तर शेजारी विज्ञान केंद्र आहे.

दोना पावल्याच्या जेटीबद्दल एवढंच सांगते की वारा मस्त आहे, मुरगाव बंदरातली जहाजं दिसतात आणि गर्दीच्या दिवशी अर्ध्या तासात बघून होतं.

दोन्हीकडे लागू असलेली एक गोष्ट. टेम्पो ट्रॅक्सने जाऊन किनाऱ्यावर स्टोव्ह पेटवायची आपल्याकडच्या ग्रुपची जुनी सवय आहे. गोव्यात २०१९ पासून उघड्यावर स्वयंपाक आणि दारू, दोन्हीला दंड आहे. दशम्या, चटणी, शेंगा घेऊन जा, त्याला कोण काही म्हणत नाही.

बघायचं काय, आणि कधी

खरा निर्णय इथे होतो. कांदोळीतली मोठी ठिकाणं दिवसा बघायची आहेत, पणजीतली बरीच संध्याकाळी रंगतात. दिवसाच्या जागेला गाडीने जाऊन परत येता येतं. रात्री साडेनऊ-दहाला संपणाऱ्या कार्यक्रमाला मात्र चालत परतता येईल एवढ्या अंतरावर खोली हवी.

कांदोळीचं मोठं ठिकाण म्हणजे आग्वाद. वरचा किल्ला १६१२ चा, आत १८६४ चं दीपगृह आणि सोळा खांबांवर पेललेलं पाण्याचं प्रचंड टाकं, ज्यातून पोर्तुगालच्या गलबतांना गोडं पाणी भरून मिळायचं. पण वर फोटो काढून परत फिरू नका. खाली समुद्रालगत जुना तुरुंग आहे, तिथे आता संग्रहालय आहे. गोवा मुक्तिलढ्यातले सत्याग्रही इथे कोंडले गेले, १९५५ च्या सत्याग्रहातले नानासाहेब गोरे त्यांतलेच. आपल्या भागातल्या माणसाने हे संग्रहालय चुकवू नये असं मला मनापासून वाटतं. गोव्याच्या सुटकेसाठी नॅशनल काँग्रेस गोवा ही संघटना १९४६ मध्ये उभी राहिली ती आपल्या लोंढ्यात. १९५५ मध्ये सत्याग्रहींच्या तुकड्या बेळगावातून निघाल्या. डिसेंबर १९६१ मध्ये लष्कराची जमवाजमव बेळगावातच झाली आणि १९ तारखेला गोवा मोकळा झाला. लोंढ्याचं स्टेशन आपल्याला गाडी बदलण्यापुरतं माहीत असतं. मुलांना आग्वादच्या कोठडीसमोर उभं करून हे सांगा, पुस्तकातल्या धड्यापेक्षा जास्त लक्षात राहील. यासाठी दोन-अडीच तास पुरतात, सकाळी लवकर गेलं तर ऊनही लागत नाही.

वेळ उरला तर परतताना रेइश मागूशचा किल्ला करा. छोटा, नीट जपलेला, आणि व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांची चित्रं तिथे कायमची मांडली आहेत.

आता पणजीकडे. कांपालला मांडवीच्या काठी कला अकादमी आहे, वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी आखलेली. तिला दर्शनी दार असं नाहीच. रस्त्यावरून मांडवाखाली शिरायचं आणि मोकळ्या जागेतून चालत थेट नदीवर निघायचं. तिकीट नसलेला माणूसही पायऱ्यांवर बसून असतो आणि कोणी हटकत नाही. आतल्या दीनानाथ मंगेशकर कलामंदिराच्या भिंतींवर मारिओंनी जुन्या नाटकगृहाच्या गॅलऱ्या आणि त्यात बसलेले प्रेक्षक रंगवले आहेत. पडदा उघडायच्या आधी ते निरखून बघा. अकादमी दुरुस्तीसाठी बंद होती आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये पुन्हा उघडली. दरवर्षी इथे मराठी नाट्यस्पर्धा होते, सूरश्री केसरबाई केरकर संगीत समारोह होतो. कुमार गंधर्व ज्या सुळेभावीत जन्मले तिथल्या परिसरातल्या लोकांना गाण्याच्या मैफलीचं अगत्य वेगळं सांगायला नको. आपल्याकडे चांगलं मराठी नाटक लागलं की तिकिटांसाठी धावपळ होते. पणजीत समुद्र बघायला गेलेल्याला तेच नाटक चालत जाऊन बघता येतं. नोव्हेंबरात इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो, २००४ पासून पणजीतच भरतो. त्या दिवसांत खोल्या महागतात, पण चित्रपटाचं वेड असेल तर तेव्हाच जा.

सकाळ फोंतेन्हास आणि मळा या पणजीच्या जुन्या वस्त्यांसाठी ठेवा. आठच्या आत गेलात तर गल्ल्या मोकळ्या असतात. घरांचे रंग सगळेच बघतात, तुम्ही खिडक्या बघा. काही जुन्या खिडक्यांना काच नाही. चपटे शिंपले घासून, चौकोनी कापून लाकडी पट्ट्यांत बसवलेले आहेत. बाहेरून ते राखाडी दिसतात, पण आत उजेड दुधासारखा येतो आणि ऊन येत नाही. मात्र ही माणसांची राहती घरं आहेत. कुणाच्या पायरीवर बसून फोटो काढायचा तर आधी विचारा. टिळकवाडीतल्या आपल्या दारात येऊन कोणी असं केलं तर आपल्याला चालणार नाही.

दोन्ही गावांना जोडणारी एक जागा जुन्या सचिवालयाशेजारी आहे. आबे फारियांचा पुतळा: पुढे झुकलेला माणूस, पसरलेले हात, समोर भान हरपून कोसळणारी बाई. संमोहनशास्त्राच्या या आद्य अभ्यासकाचा जन्म कांदोळीतला, १७५६ चा. पुतळा पणजीत, १९४५ चा, रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला. रात्री जेवून चालत जाऊन बघावा.

पणजीची खटकणारी बाजू म्हणजे मांडवीतली कॅसिनोची जहाजं. अंधार पडला की नदीचा तो भाग दिव्यांनी आणि जाहिरातींनी भरून जातो. मुलांना घेऊन फिरताना मला ते आवडत नाही, म्हणून मी शहराच्या मधल्या भागापेक्षा कांपाल किंवा मिरामारला खोली बघा म्हणते. तिथे रात्र शांत असते. कांदोळीत उलट: किनारा शांत, पण मुख्य रस्ता अरुंद, गर्दीचा, आणि हंगामात गाडी लावायला जागा मिळता मिळत नाही.

जेवणखाण

शाकाहारी घरांनी पणजीच घ्यावी, वादच नाही. कॅफे भोसले, कॅफे ताटो अशा जुन्या हॉटेलांत सकाळी पातळ भाजी-पाव आणि बन्स मिळतात, खिसाही हलका होत नाही. स्टँडजवळच्या स्टॉलवर बेळगावचाच तरुण भारत मिळतो, बाबांची सकाळ तिथेच जाते. कांदोळीत शॅकवर, म्हणजे वाळूवरच्या झोपडीवजा हॉटेलात, बसून मासे खाण्याची मजा वेगळी आहे, ती नाकारत नाही. फक्त ज्या माशापुढे कार्डावर किंमत लिहिलेली नसते, तो तव्यावर जायच्या आधी वजन आणि दर विचारून घ्या. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरना मासेमारी बंद असते आणि शॅकही पावसाळ्यात मोडून ठेवलेले असतात. त्या काळात कांदोळीला जाण्यात फारसा अर्थ उरत नाही. पणजीचं पावसाने काही बिघडत नाही, उलट मळ्यातल्या गल्ल्या तेव्हा जास्त सुंदर दिसतात.

कोणी कुठे राहावं

नवीन लग्न झालेली जोडी, कॉलेजची पोरं, किंवा तीन-चार दिवस वाळूवरून हलायचंच नाही असं ठरवून निघालेली मंडळी: कांदोळी, आणि शक्यतो शिकेरीच्या बाजूला. स्वतःची गाडी हवीच. आजी-आजोबा, नाटक-गाण्याची आवड, बसने प्रवास, किंवा पावसाळा, यांतलं एक जरी असेल तर मिरामार किंवा कांपाल.

दोन दिवसांचा बेत असा बसतो. शनिवारी पहाटे निघा, जुने गोवे करत दुपारी पणजी गाठा, संध्याकाळी मिरामारची वाळू आणि रात्री अकादमीत जे असेल ते. तिथे काय लागलंय ते खोली ठरवायच्या आधी बघा, नंतर नको. रविवारी सातला फोंतेन्हास, नऊला खोली सोडून थेट आग्वाद, मग कांदोळीत मुलांना तासभर पाणी आणि जेवण. तिथून म्हापसा, डिचोलीवरून परतीला लागायचं ते तीनच्या आत. चोर्ल्यात अंधारात धुकं उतरलं की गाडी पावला-पावलाने न्यावी लागते, आणि सोमवारी मुलांची शाळा असते.