रोशा, निलगिरी, पुदिना आणि वाळा: दोन घरगुती तेल-मिश्रणांचा खरीप ते उन्हाळा वापरानंतरचा अनुभव

निंदणाच्या दिवसांपासून मे महिन्याच्या उन्हापर्यंत दोन मिश्रणं घरात सतत वापरात आहेत. एक पाठ, खांदे आणि पोटऱ्यांना चोळायचं. दुसरं रात्री डोकं शांत व्हावं म्हणून हुंगायचं. दोन्हींचे अर्क, म्हणजे वनस्पतींची तीव्र सुगंधी तेलं, वेगवेगळे आणून घरीच मिसळले. निकाल आधीच सांगायचा तर, दिवसभर वाकून थकलेल्या स्नायूंना याचा चांगला उपयोग होतो. झिजलेल्या गुडघ्याला तासा-दोन तासांपुरता आराम मिळतो. कमरेतून निघून पायात उतरणाऱ्या कळेला आणि मुंग्यांना काहीच फरक पडत नाही. झोपेसाठीचं मिश्रण झोप लागायला मदत करतं, पण ते चिंतेवरचं औषध नव्हे.

चोळायच्या तेलाचं १०० मिलीचं प्रमाण असं: घाण्याचं तीळ तेल ९६ मिली, निलगिरी दीड मिली, रोशा १ मिली, पुदिना १ मिली, गवती चहा अर्धा मिली. म्हणजे सगळे अर्क मिळून ४ टक्के. हे प्रमाण मोठ्या माणसाच्या पाठी-पायासाठी आहे, चेहऱ्यासाठी किंवा मुलांसाठी नाही. अंगभर लावायचं असेल तर २ टक्क्यांवर थांबावं.

यातला रोशा हे आपल्या मातीतलं सुगंधी गवत. विदर्भात त्याला तिखाडी म्हणतात आणि मेळघाटच्या डोंगरउतारांवर तो आपोआप उगवतो. त्याच्या मोतिया जातीपासून पामरोसा तेल निघतं, सोफिया जातीपासून जिंजरग्रास. दोन्ही गवतं दिसायला सारखी, तेलं मात्र वेगळी. मोतियात जिरॅनिऑल हा सुगंधी घटक बहुतेक ७० ते ८५ टक्के असतो, म्हणून त्याला गुलाबासारखा गोड वास येतो. सोफियाचा वास उग्र आणि आल्यासारखा. दुकानात नुसतं ‘रोशा तेल’ म्हणून मागितलं तर कोणतं हातात पडेल याचा भरवसा नसतो, म्हणून ‘मोतिया’ असं स्पष्ट सांगूनच घ्यावं.

गवती चहाचं प्रमाण मुद्दाम कमी आहे. त्यात सिट्रल ७० ते ८० टक्के असतं आणि ते कातडीला चिडवतं. सुरक्षिततेच्या मार्गदर्शनात त्वचेसाठी याची कमाल मर्यादा ०.७ टक्के धरली जाते. वास आवडतो म्हणून लोक हेच तेल हात सैल सोडून ओततात आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाठीवर लाल चट्टे उठले की दोष तिळाच्या तेलाला देतात.

थेंब मोजून मिसळणं फसवं आहे. निलगिरी पातळ असल्याने थेंब लहान पडतो, वाळा दाट असल्याने मोठा. ड्रॉपर बदलला की १ मिलीत कधी २० थेंब बसतात, कधी ३५. मेडिकलमधून सुई नसलेली १ किंवा २ मिलीची सिरिंज घ्यावी आणि मोजून झाल्यावर लगेच पुसावी, कारण अर्कांनी तिचं रबर फुगतं आणि दट्ट्या अडकतो. बाटली गडद तपकिरी काचेचीच हवी. प्लास्टिकच्या बाटलीत निलगिरी काही आठवड्यांत प्लास्टिक मऊ करते आणि तेलाला वेगळाच वास येऊ लागतो.

अर्क ज्यात मिसळायचे ते मूळ तेल कोणतं घ्यावं यावर गावात मतं अनेक. तीळ टिकाऊ, सहसा लवकर खवट होत नाही. मोहाच्या टोरीचं, म्हणजे बियांचं, तेल चोळायला उत्तम, पण थंडीत गोठतं, मग अर्क त्यात सारखा मिसळत नाही. वापरण्याआधी बाटली कोमट पाण्यात ठेवावी लागते. जवसाचं तेल टाळाच. ते हवेत सुकून चिकट होतं, अंथरुणाला लागलेले डाग निघत नाहीत, आणि त्यात भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. विदर्भाच्या उन्हाळ्यात हा धोका खरा आहे.

लावण्याची वेळही महत्त्वाची. रात्री आंघोळ करून, अंग कोरडं झाल्यावर लावलं तर गुण दिसतो. पाठीसाठी अर्धा चमचा, म्हणजे अडीच मिली पुरे. पोटरी खालून वर, कंबर मणक्याच्या दोन्ही बाजूंनी बाहेरच्या दिशेने, आठ-दहा मिनिटं. खरं काम बरंचसं या चोळण्यानेच होतं. पुदिन्यातल्या मेंथॉलमुळे कातडीतले थंडी जाणवणारे तंतू जागे होतात आणि काही वेळ दुखण्याकडून लक्ष हटतं. न चोळता नुसतं तेल फासून झोपणाऱ्यांना म्हणूनच फारसा फरक जाणवत नाही.

गरम विटेचा शेक किंवा मिठाची पुरचुंडी आपल्याकडे नेहमीची. ती तेलाच्या आधी घ्यावी. मेंथॉल असलेलं तेल लावून वरून शेक दिला किंवा घट्ट पट्टा बांधला तर कातडी भाजल्यासारखी होते, कधी फोडही येतो. शिवाय उष्णतेने अर्क शरीरात जास्त शोषला जातो.

कापूस वेचणीच्या दिवसांत बोंडांच्या काट्यांनी नखांच्या कडा फाटतात. त्या जखमांवर हे तेल लावू नये, जळजळ सहन होत नाही. तिथे साधं खोबरेल लावावं. वेचणीला जाण्याआधी तळहातांनाही तेल नको, कापसाला डाग पडतात.

कीटकनाशकांच्या फवारणीबद्दल मात्र जोर देऊन सांगायला हवं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते अजून कुणी विसरलेलं नाही. या सुगंधी तेलांतले टर्पीन वर्गातले घटक कातडीतून इतर रसायनं आत नेण्याचं काम करतात. औषधाच्या मलमांत त्यांचा वापर याचसाठी होतो. म्हणून फवारणीच्या आधी हे तेल अंगाला लावू नये. फवारणीनंतर साबणाने स्वच्छ आंघोळ करून, कपडे बदलून मगच तेलाला हात लावावा. फवारणीनंतर डोकं दुखतंय, मळमळतंय, लाळ सुटतेय, धूसर दिसतंय, तर कपाळाला बाम चोळत बसू नका. ते विषबाधेचं लक्षण असू शकतं. फवारलेल्या औषधाचा डबा सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा.

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या घरांनीही लक्ष द्यावं. गडचिरोलीपासून मेळघाटपर्यंत हा आजार आहे. त्यातल्या हाडांच्या कळा चोळून जात नाहीत, आणि थंडावा लागला तर त्या उलट वाढू शकतात. अशा रुग्णाला मेंथॉलचं तेल नको.

विंटरग्रीन, म्हणजे गंधपुरा तेल, या मिश्रणात नाही. त्याने दुखणं लवकर दबतं हे मान्य, पण त्यात जवळजवळ सगळं मिथाइल सॅलिसिलेट असतं. ५ मिली, म्हणजे एक चहाचा चमचा पोटात गेला तर ॲस्पिरिनच्या ३२५ मिलिग्रॅमच्या २० हून जास्त गोळ्यांइतका ठरतो. मुलांच्या घरात ती बाटली ठेवणं बरं नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी ते कातडीवरही लावू नये.

अमृतधारेचाही इथे उल्लेख हवा, कारण ती घरोघरी असते. भीमसेनी कापूर, पुदिन्याचं फूल (मेंथॉलचे खडे) आणि ओव्याचं फूल (थायमॉलचे खडे) समप्रमाणात काचेच्या बाटलीत घातलं की न तापवता त्याचं पाणी होतं. बरेच जण ती थेट पाठीवर ओततात. ओव्याच्या फुलातलं थायमॉल तसं लावलं तर कातडी सोलून निघते. ५० मिली तिळाच्या तेलात १ मिली अमृतधारा, एवढ्यावर थांबावं. उसण भरली की हे तेल चांगलं काम करतं. वरच्या मिश्रणासोबत मात्र एकाच वेळी वापरू नये, मेंथॉल दुप्पट होतं. पूजेचा कापूर यात वापरू नका, त्यात काय मिसळलंय ते कळत नाही.

कामाचा ताण, ऊन आणि पुरेसं पाणी न पिणं यातून होणारी डोक्याभोवती पट्टा बांधल्यासारखी डोकेदुखी फवारणीनंतरच्या डोकेदुखीहून वेगळी. त्यावर पुदिन्याचा अर्क कपाळाला आणि कानशिलांना लावण्याचा अभ्यास जर्मनीत झाला आहे, तोही अल्कोहोलमधल्या १० टक्के द्रावणावर. घरी इतकं तीव्र करण्याची गरज नाही. २ टक्क्यांच्या तेलाचा एक थेंब, डोळ्यांपासून लांब, आणि सोबत दोन ग्लास पाणी पुरतं. गुडघ्याच्या झिजेला मात्र डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाच्या जेलचा गुण या मिश्रणापेक्षा जास्त दिसतो, हे नाकारण्यात अर्थ नाही.

आता दुसरं मिश्रण. लव्हेंडर ३ भाग, गोड संत्र्याच्या सालीचं तेल २ भाग, वाळा १ भाग. यात पाणी किंवा मूळ तेल काहीच नाही. कापसाच्या बोळ्यावर दोन थेंब टाकून तो उशीपासून हातभर लांब ठेवायचा. वाळ्याचा वास सावकाश उडतो आणि बाकी दोघांना धरून ठेवतो, त्यामुळे पहाटेपर्यंत थोडा दरवळ राहतो. कूलरच्या ताटीतून येणाऱ्या वाळ्याच्या वाऱ्याची ओळख असलेल्या माणसाला हा वास लगेच आपलासा वाटतो, आणि माझ्या मते निम्मा गुण त्या ओळखीचाच. लव्हेंडरमध्ये पैसे वाचवायला जाऊ नका. स्वस्त बाटलीत बहुतेकदा लव्हेंडिन (लव्हेंडरच्या संकरित जातीचं तेल) किंवा कृत्रिम लिनॅलिल ॲसिटेट (लव्हेंडरच्या वासाचा घटक) असतं. जम्मू भागातल्या भदरवाहचं तेल मिळालं तर चांगलं. बाटलीवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव आणि बॅच नंबर असावा, विक्रेत्याने जीसी रिपोर्ट, म्हणजे तेलातले घटक दाखवणारा गॅस क्रोमॅटोग्राफी चाचणीचा अहवाल, दाखवावा. ‘फ्रॅग्रन्स ऑइल’ लिहिलेली बाटली अगरबत्तीवाल्यांसाठी सोडून द्या.

कूलरच्या पाण्यात हे तेल ओतण्याचा मोह अनेकांना होतो. ते पाण्यात विरघळत नाही, वर तरंगतं, पंख्याच्या वाऱ्याने लवकर उडून जातं, आणि बंद खोलीत लहान बाळ असेल तर त्याच्या श्वासाला त्रास होतो. दोन वर्षांखालच्या बाळाच्या आसपास कापूर, निलगिरी, पुदिना नकोच. बाळाच्या गळ्यात कापराची पुरचुंडी बांधू नये. १ ग्रॅमच्या आसपास कापूर पोटात गेला तरी लहान मूल दगावू शकतं. फिट येणारे, दम्याचे रुग्ण आणि गरोदर बाई यांनी दोन्ही मिश्रणं डॉक्टरांना विचारूनच वापरावीत.

शांत झोप आणि मनाचा आजार यात गल्लत नको. सलग दोन आठवडे झोप नाही, कर्जाचा विचार डोक्यातून जात नाही, जगणं नकोसं वाटतंय, अशा माणसाला बोळा हुंगायला देऊन घरच्यांनी निश्चिंत होऊ नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक लावावा, तिथे मराठीतही बोलता येतं.

साठवण हा विदर्भातला खास प्रश्न. पारा ४५ च्या वर गेला की संत्र्याचं तेल सर्वात आधी बिघडतं. त्यातलं लिमोनीन हवेशी संयोग पावून कातडीला खाज आणणारं होतं, आणि वास टर्पेंटाइनसारखा येऊ लागतो. असं तेल फेकावं, चोळायला घेऊ नये. निलगिरीची वाफ ५० अंशांच्या आसपास ठिणगीने पेट घेऊ शकते, म्हणून चुलीच्या किंवा दिव्याच्या जवळच्या फळीवर बाटली नको. माठ ठेवतो त्या तिवईखालची सावली, ओलसर फडक्यात गुंडाळून, हे चांगलं जमलं. बाटली काठोकाठ भरलेली असली की आत हवा कमी राहते आणि तेल जास्त टिकतं. त्यामुळे १०० मिली एकदम करण्यापेक्षा ३० मिलीच्या तीन लहान बाटल्या कराव्यात. प्रत्येक बाटलीवर तारीख लिहून चिकटपट्टी लावावी, नाहीतर शाई तेलाने पुसली जाते.

कातडी नाजूक असलेल्यांसाठी पुढच्या भरणीत गवती चहा ०.३ मिलीवर आणला आहे, आणि उरलेले ०.२ मिली रोशात वाढवले आहेत.