छताचा दिवा बदलताना: टेप की कनेक्टर?
हॉलमध्ये नवा एलईडी दिवा लावायचाय, वायरी पिळून टेप मारू की कनेक्टर आणू, असं धाकट्या भावाने विचारलं. दोन्ही स्वस्त, त्यामुळे खर्चाचा प्रश्न नाही. फरक टिकण्यात आहे. उष्णतेने टेपचा चिकटपणा जातो, पीळ सैल होतो आणि सैल जोड तापतो. स्क्रूच्या कनेक्टरमध्ये तार घट्ट बसते, पुढे सहज सुटतेही. स्टुलावर मान वर करून स्क्रू पिळणं मात्र जिवावर येतं. तिथे टेप सोपी. काहीही वापरलंस तरी आधी एमसीबी (मेन बोर्डावरचा त्या लाइनचा स्विच) बंद कर, मग टेस्टर लाव. नुसत्या बटणावर विसंबू नकोस, काही घरांत ते फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलेलं सापडतं, म्हणजे बटण बंद असूनही वायरीत करंट असतो! एखाद्या रात्रीपुरती सोय हवी तर टेप. कायमच्या दिव्याला कनेक्टरच; दिवा धातूचा असेल तर हिरवी वायर अर्थिंगला.