खऱ्या तारखेच्या आधाराने माझे ५९,००० रुपये गेले

ठाण्यात नौपाड्याला माझे तांब्या-पितळेच्या भांड्यांचे दुकान आहे आणि चार वर्षांपासून संकेतस्थळावरूनही विक्री होते. मार्च २०२५ मध्ये, पाडव्याच्या तोंडावर गुढीचे तांबे घ्यायला दुकानात रांग लागलेली असताना, एका जाहिरात-एजन्सीच्या माणसाचा फोन आला. ‘१० एप्रिलपासून गूगल टॅग मॅनेजर बदलत आहे, तुमचा कंटेनर जुना आहे, त्यानंतर तुमची एकही ऑर्डर जाहिरातींच्या खात्यात मोजली जाणार नाही,’ असे त्याने सांगितले. टॅग म्हणजे संकेतस्थळावरची खरेदी मोजणारा छोटा कोड, टॅग मॅनेजर म्हणजे असे टॅग सांभाळणारे गूगलचे साधन आणि कंटेनर म्हणजे त्यांची पेटी.

तारीख खरी होती. मी ती रात्री शोधून पाहिली, सापडली, आणि पुढच्या दोन ओळी न वाचता संगणक बंद केला. जाहिरातींचे टॅग असलेल्या कंटेनरमध्ये त्या तारखेपासून गूगल टॅग हा गूगलचा पायाभूत कोड आपोआप आधी लोड होणार, एवढाच तो बदल होता. मोजणी बंद पडेल असे कुठेही लिहिलेले नव्हते. मात्र १ जुलै २०२३ रोजी युनिव्हर्सल अ‍ॅनालिटिक्स या संकेतस्थळाच्या भेटी मोजणाऱ्या गूगलच्या जुन्या साधनाची मोजणी थांबली तेव्हा मी गाफील राहिलो होतो आणि पाडवा ते दिवाळीची जुनी तुलना गमावून बसलो होतो. दुधाने तोंड पोळलेल्या माणसाने ताक फुंकून प्यावे, तसे मी पैसे भरले.

पहिल्यांदा २३,६०० रुपये ‘मायग्रेशन’चे, वीस हजार अधिक जीएसटी. अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी ३५,४०० रुपये ‘सर्व्हर-साइड’ मांडणीचे (मोजणी ग्राहकाच्या ब्राउझरऐवजी सर्व्हरवरून करण्याची सोय), जी आजतागायत कुठेही अस्तित्वात नाही. टॅग मॅनेजर हे मूळ साधन फुकट मिळते, हेदेखील मला नंतर कळले.

आता ज्या गोष्टीने आजही झोप उडते ती सांगतो. त्यांच्या बिलावरचा जीएसटी क्रमांक २४ ने सुरू होत होता, म्हणजे गुजरातचा, आणि कर मात्र सीजीएसटी नऊ टक्के व एसजीएसटी नऊ टक्के असा लावलेला होता. सीजीएसटी-एसजीएसटी ही जोडी राज्यातल्या राज्यात लागते, परराज्यातून सेवा घेतल्यास आयजीएसटी लागतो. माझी विवरणपत्रे मी स्वतः भरतो. बारा वर्षे भरतो आहे. ते बिल मी हातात घेतले, बेरीज तपासली आणि फाइलला लावले. क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर टाकला असता तर अर्ध्या मिनिटात कळले असते की तो एका बंद पडलेल्या कापड दुकानाचा आहे.

दुसरी खूण मे महिन्यात मिळाली. त्यांच्या अहवालात ६२ ऑर्डरी होत्या. माझ्या वहीत ३१. बरोबर दुप्पट! मी मनाशी म्हणालो, रद्द झालेल्याही धरल्या असतील. प्रत्यक्षात त्यांनी नवा कंटेनर बसवताना जुना काढलाच नव्हता, दोन्हींत खरेदीचा टॅग होता आणि दुबार नोंद ओळखता यावी म्हणून ऑर्डर क्रमांक पाठवण्याची सोय कशातच नव्हती, त्यामुळे प्रत्येक खरेदी दोनदा नोंदली जात होती. त्या फुगलेल्या आकड्यांवर विसंबून जाहिरातींची स्वयंचलित बोली (जाहिरातीसाठी मोजायचा, यंत्रणेनेच ठरवलेला दर) वाढत गेली आणि महिन्याचा खर्च १८,००० वरून ३१,२०० वर गेला. हे १३,२०० रुपये मी वरच्या रकमेत धरलेले नाहीत. दर महिन्याला अहवाल आणि वही शेजारी ठेवून पाहा. आणि टॅग मॅनेजरच्या प्रिव्ह्यूमध्ये, म्हणजे चाचणीच्या सोयीत, स्वतः एक खरेदी करून टॅग किती वेळा चालतो ते मोजा.

मी जाब विचारला तेव्हा उत्तर आले की नवा कंटेनर त्यांच्या खात्यात आहे आणि तो हवा असल्यास आणखी ११,८०० रुपये भरावे लागतील. कंटेनर नेहमी स्वतःच्या लॉगिनमधूनच तयार करावा. बाहेरच्याला फक्त संपादनाचा अधिकार द्यावा, प्रशासकाचा कधीही नाही.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न झाला, ‘टॅग म्हणजे कपड्याला असतो तो?’ मी समजावले. मग ऐकले की काम झाले आहे, बिल आहे, पैसे स्वखुशीने दिले आहेत, तेव्हा हा दिवाणी मामला आहे. तेथून सायबर कक्षाकडे पाठवले. त्यांनी रक्कम पाहून पुन्हा पोलीस ठाण्याकडे पाठवले. बँकेने सांगितले की यूपीआयचा पिन तुम्हीच टाकला. कर कार्यालयात बनावट क्रमांकाचे बिल दाखवले, तर ‘तुम्ही याचे क्रेडिट (भरलेल्या जीएसटीची वजावट) घेतले आहे का’ असे उलट मलाच विचारले, आणि मी घेतलेले असल्यामुळे ते व्याजासह परत भरावे लागले! फसवणाऱ्याला एकही नोटीस गेली नाही. मी मात्र चार कार्यालयांत नऊ खेपा घातल्या आणि प्रत्येक वेळी दुकान बंद ठेवले. पैसे गेल्याचे लक्षात येताच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा, हे मला जूनमध्ये कळले, तोवर त्यांचे खाते रिकामे झालेले होते.

पुण्याच्या भाच्याने एका रविवारी नव्या कंटेनरचा कोड संकेतस्थळावरून काढला आणि जुन्या कंटेनरची मार्चमधली आवृत्ती पुन्हा प्रकाशित केली. त्याला चाळीस मिनिटे लागली. जूनच्या अहवालातली शेवटच्या आठवड्याची ऑर्डरसंख्या आठ होती, वहीतही आठच.