वेरूळ-खुलताबाद, गाइडसह एक दिवस: धर्म समजून घ्यायला कितपत उपयोगी?

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळ-खुलताबादची एका दिवसाची फेरी गाडी आणि गाइड असं मिळून विकली जाते. पाहुणे आले, त्यांना फिरवून आणायचंय, एवढ्यापुरती ती ठीक आहे. पण बौद्ध, शैव, वैष्णव, जैन आणि सूफी या परंपरा एकमेकींपासून कुठे वेगळ्या होतात ते समजून घ्यायला जो पैसे मोजतो, त्याच्या पदरात काय पडतं? आमचं मत असं: जागेला पाचपैकी पाच, नेहमीच्या मार्गाला दोन, आणि गाइड मात्र नशिबाचा भाग. मार्ग बदलून मागता येतो आणि गाइड पारखूनही घेता येतो, म्हणून हे सविस्तर.

आधी साध्या गोष्टी. वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी. लोक हमखास उलटं लक्षात ठेवतात. भारतीयांना तिकीट ४० रुपये, १५ वर्षांखालच्या मुलांना नाही. स्वतंत्र गाडी नको असेल तर कन्नडकडे जाणारी एसटी दौलताबाद, खुलताबाद करत वेरूळला सोडते. अंतर साधारण ३० किलोमीटर. सोबत चांगली बॅटरी हवीच. बहुतेक लेणी पश्चिमेला तोंड करून आहेत, त्यामुळे सकाळी आत अंधार असतो आणि उजेड दुपारनंतर शिरतो. मोबाइलच्या उजेडात मूर्तीचा चेहरा तेवढा दिसतो. पायाशी कोरलेलं वाहन, हातातली वस्तू, मुकुटातली छोटी आकृती सुटून जाते. आणि ओळखायच्या खुणा तर तिथेच असतात.

नेहमीच्या फेरीची मोठी खोट म्हणजे सुरुवातच कैलासापासून. १६ नंबरचं लेणं फाटकासमोरच आहे, गाइड थेट आत नेतो, दीड तास तिथे जातो, ऊन चढतं, मंडळी दमतात. मग बौद्ध लेण्यांपैकी एक दाखवून “जैन लेणी लांब आहेत, तिकडे तसंच सगळं आहे” असं म्हणत गाडी खुलताबादला वळते. तसंच सगळं अजिबात नाही. गाडी ठरवतानाच सांगा की कैलास शेवटी, चारच्या सुमारास. तोवर ऊन कोरीवकामावर आलेलं असतं आणि पाहणाऱ्याचा डोळाही तयार झालेला असतो.

फाटकातून डोंगराकडे तोंड केलं की उजव्या हाताला १ ते १२ ही बौद्ध लेणी. बाराही पाहायची गरज नाही. ५, ६, १० आणि १२ पुरेत, पण सावकाश.

५ नंबर म्हणजे एक लांबलचक दालन आणि त्यात जमिनीलगत दोन समांतर दगडी बाकं. मूर्तींचा सोस असलेला गाइड इथे थांबतच नाही. भिक्षुसंघ ओळीने बसून पाठ किंवा भोजन करत असावा अशी ही रचना. बौद्ध धर्म हा संघाच्या शिस्तीचाही धर्म आहे, हे पुस्तकापेक्षा इथे लवकर कळतं.

६ नंबरमध्ये एक देवी उभी आहे, जवळ मोर आणि खाली एक छोटी आकृती, समोर पोथी ठेवून वाचत बसलेली. मोर आणि पोथी दिसली की बहुतेक जण सरस्वती म्हणून मोकळे होतात. ती महामायूरी, सर्पदंशावरच्या मंत्राची बौद्ध देवता. गाइड ठरवण्याआधी हाच प्रश्न विचारा: सहा नंबरात मोर कुणाजवळ आहे? महामायूरी हे नाव आलं तर माणूस घ्या. सरस्वती म्हणाला तरी कैलासाची मापं तो चोख सांगेल, पण धर्म शिकवायला कच्चा पडेल.

१० नंबर, विश्वकर्मा किंवा सुतार झोपडी. छताला लाकडी वासे असावेत तशा दगडी फासळ्या कोरल्या आहेत, आणि स्तूपाच्या पुढ्यात पाय खाली सोडून बसलेला भव्य बुद्ध. अजिंठ्याचं ९ आणि १० नंबरचं लेणं आठवा: तिथल्या जुन्या स्तूपावर मूर्ती नाही. आधी नुसता स्तूप पूजला जायचा, पुढे बुद्धाची मूर्ती स्तूपापुढे येऊन बसली. महायानाने, म्हणजे बौद्ध धर्मातल्या नंतरच्या प्रवाहाने, काय बदललं ते या दोन ठिकाणांच्या तुलनेत डोळ्यांनी दिसतं.

१२ नंबर, तीन ताल. पायऱ्या उंच आहेत, गुडघेदुखी असेल तर तळमजल्यावरच वेळ द्या; फार काही हुकणार नाही, कारण तळमजल्याच्या भिंतीवर नऊ चौकोनांची एक चौकट कोरली आहे. मधे बुद्ध, भोवती आठ बोधिसत्त्व, म्हणजे बुद्धत्वाच्या वाटेवरचे. हे मंडल आहे, वज्रयानाच्या, म्हणजे तांत्रिक बौद्ध पंथाच्या, वाटेवरचं पाऊल. तिबेटी कापडावरची रंगीत मंडलं सगळ्यांनी पाहिलेली असतात, पण तसली मांडणी मराठवाड्यातल्या दगडात आहे हे कुणी दाखवत नाही. वर तिसऱ्या मजल्यावर सात-सात बुद्धांच्या दोन रांगा आहेत.

आता सगळ्यात जास्त होणारी गल्लत. मांडी घालून शांत बसलेली मूर्ती दिसली की लोक “बुद्ध” म्हणतात. बुद्धाच्या अंगावर चीवर, म्हणजे भिक्षूचं वस्त्र, असतं, त्याचा काठ खांद्यावर किंवा घोट्याशी दिसतो. हात बोलतात, म्हणजे कधी उजवा हात जमिनीला टेकलेला, कधी दोन्ही हात छातीशी उपदेशाच्या मुद्रेत. पाय सोडूनही तो बसतो. जैन तीर्थंकराला हे स्वातंत्र्य नाही. तो एकतर पद्मासनात, तळहात मांडीवर एकावर एक, नाहीतर कायोत्सर्गात ताठ उभा, हात अंगाला न चिकटता खाली सोडलेले. वेरूळची जैन लेणी दिगंबर परंपरेची, त्यामुळे वस्त्राची रेषही शोधून सापडत नाही. खरा फसवणारा तिसराच: २९ नंबरच्या धुमार लेण्यात कमळावर योगासनात बसलेली एक आकृती आहे, पण हातात दंड. तो लकुलीशाच्या रूपातला शिव आहे, पाशुपत या शैव पंथाची खूण. दंडाकडे लक्ष गेलं नाही तर बुद्ध समजून पुढे जाल.

१५ नंबर, दशावतार. वरच्या मजल्यावर आत शिरलात की डाव्या भिंतीला मुख्यतः शिवाची शिल्पं, उजवीकडे विष्णूची. शैव आणि वैष्णव हा भेद शिकायला याहून सोपा फळा नाही. १४ आणि २१ नंबरमध्ये सप्तमातृका, म्हणजे सात मातृदेवता, आहेत. नावं पाठ करण्यापेक्षा त्यांच्या आसनाखालची वाहनं बघा, हंस दिसला की ब्राह्मी, हत्ती दिसला की ऐंद्री.

लेण्यांचे आकडे दक्षिणेकडून उत्तरेकडे दिले आहेत, वयाप्रमाणे नाहीत. बऱ्याच अभ्यासकांच्या मते २१ आणि २९ ही शैव लेणी सहाव्या शतकातली, म्हणजे बौद्ध लेण्यांच्या आधीची किंवा त्यांच्या सुरुवातीच्या जवळची. “आधी बौद्ध होते, मग हिंदू आले, मग जैन” अशी जिन्यासारखी गोष्ट गाइड सांगू लागला तर तिथेच थांबवा. एकाच डोंगरात कारागिरांचं काम बराच काळ शेजारी-शेजारी चाललं होतं आणि ही जागा पाहण्याचं खरं कारण तेच आहे. परग्रहवासीयांनी कैलास बांधला ही गोष्ट निघाली तर गाइड बदलून घ्या.

जेवणाआधी जैन लेणी उरका. ती दीड-दोन किलोमीटर उत्तरेला आहेत. आवारात फिरणारी बस असेल तर बसने, नाहीतर आपल्या गाडीने. ३२ नंबरची इंद्रसभा, बस्स. हत्तीवर बसलेला यक्ष आणि आंब्याखाली सिंहावर बसलेली अंबिका यांना कुणीतरी इंद्र-इंद्राणी समजलं आणि तेच नाव पडलं. इथे तीर्थंकर पार्श्वनाथ आणि तपस्वी बाहुबली बहुधा समोरासमोर कोरलेले असतात. पार्श्वनाथावर नागफणा, भोवती हल्ला करणारी त्याच्या वैऱ्याची, कमठाची सेना, आणि तो तसूभर हललेला नाही. समोर बाहुबलीच्या पायांवरून वेली चढल्या आहेत. एकाला बाहेरचा उपद्रव, दुसऱ्याला स्वतःच्याच तपाचा काळ. दोघांचं उत्तर एकच, स्थिर उभं राहणं. जैन धर्मातलं तप समजायला एवढी एक जोडी पुरते. छतावर रंगकामाचे अवशेष आहेत, बॅटरी तिथेही लागते.

कैलास आठव्या शतकातला, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातला. त्याच्या वंशातल्या कर्काच्या बडोदा ताम्रपटात (इ.स. ८१२) एलापूरच्या, म्हणजे वेरूळच्या, डोंगरावरच्या या देवळाचा उल्लेख येतो. पैठणच्या कोकस नावाच्या कारागिराची दंतकथाही चांगली आहे: राणीने शिखर दिसल्याशिवाय अन्न घेणार नाही असा नेम धरला, म्हणून त्याने शिखरापासून खाली कोरलं. वरून खाली कोरलं हे खरंच, राणीचा नेम ही कथा. चांगला गाइड हे दोन वेगवेगळे ठेवतो. आवाराच्या उत्तरेला गंगा, यमुना, सरस्वतीचं छोटं देवघर आहे, गर्दीत ते राहून जातं.

खुलताबादचा भाग या फेरीत सगळ्यात वाईट हाताळला जातो. गाडी थांबते ती औरंगजेबाच्या कबरीपाशी, फोटो, दहा मिनिटं, परत. तिथे बंदोबस्त असू शकतो, ओळखपत्र जवळ ठेवा. पण ती साधी मातीची कबर ज्या आवारात आहे तो दर्गा शेख जैनुद्दीन शिराझी यांचा, आणि औरंगजेबाला १७०७ मध्ये तिथे पुरलं ते त्या संताच्या सान्निध्यासाठी. सूफी परंपरा समजायची तर संतापासून सुरुवात करायला हवी. समोरच बुर्हानुद्दीन गरीब यांचा दर्गा. ते दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे शिष्य. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली, त्या काळात चिश्ती ही सूफी परंपरा दख्खनेत रुजली, आणि १३३७ मध्ये ते इथेच वारले. पीर म्हणजे गुरू, मुरीद म्हणजे शिष्य, गुरूकडून शिष्याकडे जाणारी खिलाफत म्हणजे वारसा, संताच्या पुण्यतिथीला भरणारा उरूस, या चार गोष्टी गाइडकडून समजून घ्या. डोकं झाकायला रुमाल हवा, चपला बाहेर, आणि मजारीच्या आतल्या भागात स्त्रियांना प्रवेश आहे का ते खादिमाला, म्हणजे दर्ग्याच्या सेवेकऱ्याला, आधी विचारा. चादर घेण्याचा आग्रह झाला तर नम्रपणे नाही म्हटलेलं चालतं.

घृष्णेश्वर याच दिवसात कोंबू नका, निदान श्रावणी सोमवारी तरी नाही. गाभाऱ्यात पुरुषांना अंगातला सदरा काढून जावं लागतं, रांग कधी लांबेल सांगता येत नाही, आणि त्या रांगेत जैन लेणी बुडतात.

शीख परंपरा या फेरीत येत नाही, त्यासाठी नांदेडची वेगळी मुक्कामी खेप करा. सचखंड श्री हुजूर साहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी, म्हणजे सर्वोच्च धर्मपीठांपैकी, एक. गुरू गोविंदसिंग १७०८ मध्ये इथेच ज्योतीजोत समावले, म्हणजे त्यांचा देहान्त झाला, आणि गुरुपद ग्रंथसाहिबांकडे सोपवून गेले. लंगरमध्ये पंगतीत जमिनीवर बसायचं, पोळी दोन्ही हातांची ओंजळ पुढे करून घ्यायची, ताटात टाकायचं नाही.

पैशांचं राहिलं. गाइडशी पूर्ण दिवसाचा आकडा, जैन लेणी आणि दोन्ही दर्गे धरून, निघण्याआधी ठरवा; पुरातत्त्व किंवा पर्यटन खात्याचं ओळखपत्र पाहा. “अर्धा दिवस पुरतो” म्हणणाऱ्याला नेमून उपयोग नाही, कारण त्याच्या अर्ध्या दिवसात फक्त कैलास असतो.