सांगलीतील विद्यार्थी-गटाचे जुगारप्रतिबंध सत्र: एक परीक्षण

सांगलीतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा एक गट वाचनालये, तरुण मंडळे आणि कनिष्ठ महाविद्यालये यांच्यासाठी जुगाराच्या व्यसनाविषयी दोन तासांचे सत्र विनामूल्य घेतो. विश्रामबाग परिसरात जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडून आलेली आणि खोल्या घेऊन स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी बरीच मुले राहतात. आमच्या वाचनालयाने प्रामुख्याने त्यांच्यासाठीच हे सत्र ठेवले होते, पण काही पालकही येऊन बसले. कार्यकारिणीचा एक सदस्य या नात्याने मी ते पूर्ण पाहिले. अन्य संस्थांना निर्णय घेताना उपयोग व्हावा, म्हणून त्यातील बरे-वाईट येथे नोंदवीत आहे.

या उपक्रमाचा दावा असा की, सत्राचा आराखडा, उदाहरणे आणि प्रश्न विद्यार्थ्यांनी स्वतः ठरवलेले आहेत; मोठ्यांकडून त्यांनी फक्त मानसशास्त्राचे प्राथमिक प्रशिक्षण घेतले आहे. तरुणांना व्यसनप्रतिबंधाचे नेतृत्व देण्याची कल्पना नवी नाही. कॅलिफोर्नियात 1984 मध्ये किशोरांनी मद्यपान करून वाहन चालवल्याने होणारे अपघात कमी करण्यासाठी ‘फ्रायडे नाइट लाइव्ह’ हा उपक्रम सुरू झाला, आणि पुढे त्याच चळवळीतून जुगारप्रतिबंधाचे काम तरुणांच्याच हाती सोपवणारा प्रकल्प उभा राहिला. आपल्याकडेही बुवाबाजीच्या चमत्कारांमागील हातचलाखी गावोगावी करून दाखवणारे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे अनेक कार्यकर्ते ऐन विशी-पंचविशीतले होते. त्यामुळे मुले हे काम करू शकतात का, ही शंका मला नव्हती. त्यांना ते खरोखर करू दिले जाते का, एवढेच मला पाहायचे होते.

सत्राचा सर्वांत चांगला भाग म्हणजे चिंचोक्यांचा खेळ. प्रत्येकाला शंभर चिंचोके देण्यात आले. एका डब्यात शून्य ते नऊ आकड्यांच्या दहा चिठ्ठ्या होत्या. दर फेरीला एका आकड्यावर दहा चिंचोके लावायचे, आकडा लागला तर नव्वद मिळायचे. मटक्यात एकेरी आकड्याला नऊपट भाव देण्याची जी रीत आहे, तीच येथे होती. पहिल्या काही फेऱ्यांत ज्यांचा आकडा लागला त्यांनी आरडाओरडा करून खोली डोक्यावर घेतली, आणि हरलेल्यांनी ‘आता सात येणारच, कधीचा आला नाही’ म्हणत सातावर दुप्पट लावले. फेऱ्या होत राहिल्या तसे बहुतेकांपुढचे ढीग आटत गेले आणि डबा धरून बसलेल्या मुलीचे ताट भरत गेले. त्यानंतर तिने फळ्यावर हिशेब मांडला: दहा आकडे समान शक्यतेचे, म्हणजे शंभर चिंचोके लावले की सरासरीने नव्वद परत येतात, दर शंभरामागचे दहा खेळवणाऱ्याचे, मग आकडा कोणी स्वप्नात पाहिलेला असो, की एखाद्या बाबाने सांगितलेला असो. चिठ्ठीला मागची फेरी आठवत नाही, हे तिचे वाक्य मुलांनी वहीत उतरवून घेतले. अशी समजूत भाषणाने देता आली नसती.

त्यानंतरचा भाग मोबाइलचा. प्रत्येकाने आपल्या यूपीआय व्यवहारांची यादी उघडायची, खेळांच्या ॲपवर किंवा ‘आयडी’ म्हणजे सट्ट्याचे खाते देणाऱ्या माणसाकडे गेलेल्या रकमांची बेरीज करायची आणि ती कोणालाही दाखवायची नाही. या एका सूचनेत तरुणांनी आखलेल्या सत्राचे वेगळेपण मला दिसले. आमच्या पिढीतील वक्ता बेरीज मोठ्याने सांगायला लावून मोकळा झाला असता. शिवाय क्रिकेटच्या सामन्यात पहिल्या सहा षटकांतील धावांवर लागणारी ‘सेशन’ नावाची पैज, टेलिग्रामवरच्या खात्रीच्या टिपा, विमान वर जाईल तशी रक्कम वाढवणारा आणि क्षणात ती बुडवणारा खेळ, सुरुवातीला फुकट मिळणारा बोनस, हे सगळे कसे चालते ते या मुलांना बारकाईने माहीत आहे. हरलेली रक्कम परत मिळवण्यासाठी पुन्हा लावत राहणे आणि थोडक्यात हुकलेल्या डावाला जवळजवळ जिंकणे समजणे, ही व्यसनाची दोन लक्षणे त्यांनी त्या खेळांतूनच उलगडून दाखवली. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात जुगाराच्या विकाराला व्यसनांच्या गटात स्थान आहे, हेही त्यांनी सांगितले आणि ते योग्य ठिकाणी सांगितले.

कायद्याचा भाग मात्र अर्धवट राहिला. एका पालकांनी विचारले, ‘रमीला तर कोर्टानेच कौशल्याचा खेळ म्हटले आहे ना?’ प्रश्न रास्त होता. सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्येच तसे म्हटले होते. वक्त्या मुलाने अचूक उत्तर दिले की, ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने संमत केलेला ऑनलाइन गेमिंगचा कायदा पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांत कौशल्य आणि नशीब असा भेद करत नाही. असा खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड, तर जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कारावास आणि पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही, हेही तो म्हणाला. पण 1887 चा जुगार प्रतिबंधक अधिनियम आजही आहे आणि अड्ड्यावर खेळताना सापडणाऱ्याला त्याखाली शिक्षा होते, हे सांगायचे राहून गेले. ऐकणाऱ्याने ‘खेळणाऱ्याला काही होत नाही’ एवढेच घरी नेले असेल, तर तो गैरसमज महागात पडू शकतो.

पथनाट्य हा सत्राचा सर्वांत दुबळा भाग होता. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये ज्या गावात ‘सीता स्वयंवर’ उभे केले, तेथील प्रेक्षक नाटकाच्या बाबतीत सहसा सवलत देत नाही. झिंगलेला बाप, रडणारी आई, विकलेले मंगळसूत्र आणि शेवटी अंत्ययात्रा. या चित्रात खोलीतील एकाही मुलाला स्वतःचा चेहरा दिसला नसावा. रात्री अभ्यासिकेतून परतल्यावर पांघरुणात मोबाइल धरून पन्नास-शंभर रुपये लावणारा, हसतमुख, खानावळीचे पैसे थकलेला मुलगा त्यांनी उभा करायला हवा होता. चौकशी केली तेव्हा कळले की, ही संहिता विद्यार्थ्यांची नसून मोठ्यांनी दिलेली होती. अखेरीस सर्वांनी हात पुढे करून घेतलेली शपथही तशीच. जो खरोखर अडकला आहे तोही इतरांबरोबर हात पुढे करतो आणि त्यानंतर त्याला मदत मागणे अधिक अवघड होते. प्रश्नोत्तरांतही सोबत आलेल्या प्राध्यापकांनी मुलांची उत्तरे वरचेवर स्वतः पूर्ण केली. हेतू चांगला असेल, पण नेतृत्व द्यायचे तर ते उत्तर चुकण्याच्या जोखमीसह द्यावे लागते.

या सगळ्यात एक प्रसंग मला विशेष महत्त्वाचा वाटला. सत्रानंतर एका आईने गटातील मुलीला बाजूला घेऊन, मुलाचे कर्ज आपण फेडावे का, असे विचारले. मुलीने सल्ला देण्याची घाई केली नाही. रोख रक्कम त्याच्या हाती देऊ नका, देणी कोणाकोणाची आहेत ती त्याच्यासोबत बसून लिहून काढा, आणि समुपदेशकाशी बोलल्याशिवाय काही ठरवू नका, एवढे सांगून तिने टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक दिला. तेथे कोणत्याही वेळी मराठीत बोलता येते. आपल्या कामाची सीमा ओळखणारे स्वयंसेवक मोठ्या संस्थांतही सहज मिळत नाहीत. पण हा क्रमांक तिने विचारणाऱ्या आईलाच दिला. तो फळ्यावर सुरुवातीपासून लिहिलेला असायला हवा होता. कर्जाच्या दडपणाखाली मुलाच्या मनात जिवाचे बरेवाईट करून घेण्याचे विचार येऊ शकतात आणि तेव्हा काय करायचे, याविषयीही सत्रात एक अक्षर नव्हते. ही उणीव तातडीने भरून काढावी. महिन्याभराने पुन्हा येऊन विचारपूस करण्याची कोणतीही व्यवस्था गटाकडे नाही.

ज्या मंडळांना हे सत्र ठेवायचे आहे त्यांनी ते आयपीएलच्या आधी किंवा गणेशोत्सवापूर्वी ठेवावे, कारण सामन्यांच्या आणि उत्सवाच्या दिवसांत ही मुले जागेवर सापडत नाहीत. श्रोते चाळीसच्या आत ठेवावेत, नाहीतर चिंचोक्यांचा खेळ रंगत नाही. पथनाट्य नको असे आधीच कळवावे आणि तो वेळ मोबाइलच्या बेरजेला द्यावा. सत्रानंतर एकट्याने बोलू इच्छिणाऱ्यांसाठी शेजारची एक खोली मोकळी ठेवावी. सत्र विनामूल्य असले तरी प्रवास आणि छपाईचा खर्च ही मुले खिशातून करतात, असे बोलण्यात आले. आमच्या कार्यकारिणीने पुढील सत्रासाठी तो खर्च देण्याचे मान्य केले आहे, मात्र संहिता कोणाची असेल हे विद्यार्थ्यांनीच लेखी कळवावे, अशी अट त्यासोबत घातली आहे.