बुक्लेचा सोफा: दिवाळी ते मे

बिलावर दुकानदारानं "बकल कापड, ९ मीटर" असं लिहून दिलं तेव्हा मला वाटलं, पट्ट्याबिट्ट्याचं काही असेल. मुलगी म्हणाली, "अगं आई, बुक्ले. फ्रेंच शब्द आहे, कुरळं असा अर्थ." बकलही त्याच घराण्यातलं म्हणे, म्हणजे दुकानदार फार चुकला नव्हता. नागपूरच्या गांधीबागेतल्या कापडबाजारात घेतलं, ५४ इंची पन्हा, ६२० रुपये मीटर, रंग दुधाच्या सायीचा.

हात फिरवला की मेंढीची पाठ आठवते, त्यावरच भाळले. कारागिरानं टाकलेल्या चिंधीतला एक धागा मी सुईनं उकलून पाहिला, तर त्यात तीन निघाले. मधला सरळ. दुसरा त्याच्याभोवती मुद्दाम सैल सोडलेला, वेटोळी त्याचीच. तिसरा केसाएवढा, दोघांना बांधून ठेवणारा. तो ढिला असला की खेळ खलास. दुकानात हे कोण सांगतं? "ताई, सध्या हेच चालून राहिलं," एवढंच.

महिन्याभरात माझ्या जोडव्यात एक वेटोळं अडकलं. मी पाय वर घेऊनच बसते, ती सवय काही जायची नाही. पाय ओढला तर वीतभर धागा बाहेर! असा धागा कापायचा नसतो, बोथट सुईनं हळूहळू आत ढकलायचा. मग नातवाच्या बुटाची चिकटपट्टी. मग शेजारचं मांजर, ते तर नखं घासायलाच येतं. घेण्याआधी नमुन्यावर किल्लीचं टोक फिरवून पाहा. अडकलं तर सोफ्यासाठी नको.

उरलेल्या सव्वा मीटरचं मुलीला जॅकेट शिवलं. कात्री लागताच कडा विस्कटल्या, टेलरनं आधी इंटरलॉक मारलं, आतून फ्युजिंग, म्हणजे इस्त्रीनं चिकटणारं अस्तर, लावलं. पण डिसेंबरच्या थंडीत काय सुरेख दिसलं ते! अंगावर घालायला हे कापड मी पुन्हा घेईन.

सोफ्याला नाही. आमचं पॉलिस्टरचं निघालं आणि मे महिन्यात नागपुरात ४५ अंश. बाप्पा! कूलरसमोर बसूनही पाठ ओलीच. वेटोळ्यांत बसलेली धूळ झटकून जात नाही, व्हॅक्यूमला मऊ ब्रश लावून ओढावी लागते. पोह्यावरच्या तर्रीचा एक थेंब पडला. घासला नाही, नुसता टिपला, तरी पिवळा डाग आहेच.

मुलीनं फोनवर ईरो सारिनन या अमेरिकी वास्तुकाराची १९४८ ची खुर्ची दाखवली, बुक्लेनं मढवलेली. खुर्ची होती ती, एकच. आम्ही तीन सीटा मढवल्या.

सध्या वर सुती चादर टाकली आहे, पाहुणे आले की काढते. मांजर चादरीखाली शिरायला शिकलंय.