अननसाच्या कॉकटेलवर फेस कशाचा: अंडं, क्रीम की नारळ?

अननसाचा रस, लिंबू, पांढरी रम इथपर्यंत सगळ्यांना जमतं. अडतं ते वरच्या मलईदार फेसापाशी. घरी चार माणसं जमली की हे पेय माझ्याकडे लागतं, त्यामुळे तिन्ही प्रकार बऱ्याचदा करून झालेत. अनुभव माझा आहे, तुमच्या जिभेला कदाचित वेगळंही वाटेल.

अंड्याचं आधी उरकतो. पांढरा भाग शेकरमध्ये आधी बर्फाशिवाय हलवायचा, मग बर्फ घालून. दिसायला तिघांत हाच देखणा. पण ग्लास दहा मिनिटं टेबलावर राहिला की मला हिवस वास येतो. शिवाय अंडं कच्चं, आणि आपल्याकडे रम चालते पण अंडं चालत नाही असे पाहुणे बरेच. त्यांच्यासाठी काबुली चणे शिजवलेलं पाणी आटवून ग्लासाला 30 मिली वापरून पाहिलं. फेस येतो, टिकतोही, पण मलईदार म्हणता येणार नाही.

खरी निवड क्रीम आणि नारळ यांच्यात आहे.

क्रीमची सोय मोठी. एक लक्षात ठेवा, 25 टक्के स्निग्धांशाचं साधं फ्रेश क्रीम कितीही फेटलं तरी नीट उभं राहत नाही. दुधाचं व्हिपिंग क्रीम घ्या. थंडगार असेल तर दोन-तीन मिनिटांत हवं तसं होतं आणि चवही भरीव लागते. मी वर्षभर हेच करत होतो.

मग भावाच्या घरी, गोरेगावला, आठ ग्लास एकदम करायचे होते. दादरहून आणलेल्या अननसांचा रस ताजा काढला, पाहुणे यायच्या वीसेक मिनिटं आधी ग्लास भरून वर फेस घालून ठेवला. वहिनींनी पहिला घोट घेतला आणि हळूच विचारलं, "भावजी, हे कडू का लागतंय?" मला वाटलं लिंबाची साल पिळली गेली. चमच्यानं नुसता रस चाखला, गोड. वरचा फेस चाखला, तोही ठीक. दोन्ही जिथे मिसळले होते तो थर मात्र कारल्यासारखा. आठही ग्लास ओतून द्यावे लागले.

कारण ब्रोमेलेन. ताज्या अननसातलं हे एन्झाइम दुधातली प्रथिनं तोडतं आणि त्या तुकड्यांची चव कडू असते. रस उकळला की ब्रोमेलेन निकामी होतं, पण मग चव डब्यातल्या अननसासारखी होते, ताजा अननस आणण्यात अर्थ राहत नाही. लगेच प्यायलं तर कडवटपणा फारसा जाणवत नाही हेही खरं. पण गप्पा मारत पिणाऱ्या माणसांना घाई कशी करणार?

नारळाच्या फेसाला हा त्रास मला कधी झाला नाही. अननस-नारळ-रम ही जोडी तशी जुनीच. पोर्तो रिकोनं 1978 मध्ये पिन्या कोलादाला आपलं अधिकृत पेय ठरवलं, त्यात हेच तर आहे. कटकट आहे ती आदल्या रात्रीची. खवलेलं खोबरं कोमट पाण्यात वाटून फडक्यातून पिळायचं, फक्त पहिलं घट्ट दूध घ्यायचं आणि फ्रिजमध्ये ठेवायचं. सकाळी वर साय घट्ट बसलेली असते, ती अलगद उचलायची, खालचं पाणी सोलकढीला. भांडं वीस मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवून, पिठीसाखर आणि चिमूटभर मीठ घालून बीटरनं फेटायचं. फेसाची टोकं उभी राहायची वाट पाहू नका, पळीवरून जाडसर ओघळायला लागलं की थांबा, नाहीतर रवाळ होतं. क्रीमइतका उंच फेस होत नाही. आणि मे महिन्यात पंख्याखाली तो लवकर ढिला पडतो, कारण खोबरेल 24 अंशांच्या आसपासच वितळतं. फेस फ्रिजमध्ये ठेवून ग्लास हातात देतानाच घालावा लागतो.

हापूसच्या रसावर मात्र मी आजही क्रीमच घालतो, तिथे कडवटपणाचा प्रश्न नाही. पपई असेल तर पुन्हा नारळ, तिच्यातलं पपेनही दुधाला असंच कडू करतं. अननसावर नारळाचा फेस चमच्याच्या पाठीवरून सोडा आणि वर जायफळ अगदी थोडं किसा. गोरेगावला आता आदल्या दिवशी फोन येतो, "नारळ आणून ठेवलेत, या लवकर."